घर चाकांवर, बाई मात्र सुट्टीवर

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत एक पत्र मी दोनदा वाचलं. सिडकोत राहणाऱ्या एक भगिनी लिहितात : "यंदा आमच्या घरी कॅरॅव्हॅन भाड्यानं घेऊन नदीकाठी, झाडीत दोन दिवस राहायला जायचं घाटतं आहे. झोपायला गाद्या, स्वयंपाकाला ओटा, संडास, न्हाणी, सगळं गाडीतच. मुलं आणि त्यांचे वडील खूष आहेत. मला मात्र वाटतं, घरातून बाहेर पडायचं तर घर बरोबर कशाला न्यायचं? जिथं ओटा, तिथं मी. मग माझी सहल कुठली? तुमचा काय सल्ला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. हॉटेलात निदान ताट समोर येतं. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अशाच गाडीतून पाटणादेवीच्या बाजूला जाऊन आलो, त्यामुळे अनुभवाच्या चार गोष्टी सांगता येतील. आम्ही पाच जण होतो : सासूबाई, आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. शिवाय गाडीचा ड्रायव्हर. त्याला मी मुद्दाम मोजते आहे. तोही माणूस आहे, त्यालाही जेवायला आणि पाठ टेकायला लागतं, आणि गाडी ठरवताना सगळे नेमके त्यालाच विसरतात.

ही गाडी म्हणजे आहे तरी काय?

कॅरॅव्हॅन हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचं मूळ फारसीतल्या 'कारवाँ'त आहे. व्यापाऱ्यांचा तांडा, तोच हा. हौसेसाठी म्हणून बांधलेलं पहिलं फिरतं घर १८८५ सालचं समजतात. इंग्लंडातल्या डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ते करवून घेतलं. दोन घोडे ते ओढायचे आणि नाव होतं 'वाँडरर', म्हणजे भटक्या. डॉक्टरसाहेबांनी प्रवासाचं पुस्तकही लिहिलं. पण बरं का, बरोबर गाडीवान होता आणि एक नोकरही होता. अरुंद रस्त्यावर समोरच्यांना सूचना द्यायला तो तीनचाकी सायकलवरून पुढं जायचा. म्हणजे फिरत्या घराची मजा पहिल्यापासून कुणाच्या तरी कष्टावर उभी आहे. आपल्या घरात तो 'कुणीतरी' कोण, हे सांगायला नको.

आपल्या मुलखालाही फिरती घरं नवी नाहीत. औरंगजेब बादशहानं शेवटची पंचवीस वर्षं दख्खनमध्ये काढली आणि त्यातली कितीतरी छावणीतच. मोगलांच्या मुक्कामाला तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा, त्याला पेशखाना म्हणत. आपल्या आज्या छपराच्या बैलगाडीतून जत्रेला जायच्या, वाटेत ओढ्याकाठी बैल सोडून तीन दगडांची चूल मांडायच्या. आणि आजही दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं साखर कारखान्यांकडं निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, सगळं बरोबर. त्यांच्या बायकांना फडाच्या कडेला ना संडास ना आडोसा. आपण चार दिवस हौसेनं जे करणार, ते त्या पाच-सहा महिने नाइलाजानं करतात. रस्त्यात ती बिऱ्हाडं दिसली तेव्हा मुलांना हे सांगितलं. सहलीत एवढं शिक्षण झालं तरी पुष्कळ.

महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात गाड्यांबरोबरच त्या उभ्या करण्याच्या जागांचाही, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कचा, विचार आहे. अशा ठिकाणी गाडीला पाणी भरता यावं, वीज जोडता यावी, सांडपाणी सोडता यावं, अशी कल्पना. हे महत्त्वाचं आहे, कारण गाडी कितीही देखणी असो, ती उभी कुठं करायची हा प्रश्न सुटला नाही तर चार चाकांवरचा पांढरा हत्तीच तो.

खरी सोय कोणती?

आता मनातलं बोलते. गाडीतला टीव्ही, थंडगार यंत्र, रंगीत दिवे यांचं मला काही कौतुक नाही. मला कौतुक आहे ते त्या लहानशा दाराआडच्या संडासाचं. प्रवासात आपण बायका काय करतो? निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. एस.टी. असो की मोटार, घशाला कोरड पडली तरी घोटभरच. का, तर वाटेत सोय होईल न होईल. मग घरी आल्यावर लघवीची जळजळ, ताप, पोटात दुखणं. हे दुखणं बायका अंगावर काढतात आणि सहल 'फार छान झाली' असं सांगतात.

आमच्या सासूबाईंचं माहेर चाळीसगावकडचं. पाटणादेवी म्हणजे त्यांच्या माहेरचं दैवत. गुडघे गेल्यापासून चार वर्षं त्या तिकडं गेल्या नव्हत्या. देवीपर्यंत चार पावलं टाकायला त्या डगमगत नव्हत्या. भीती होती ती वाटेतल्या संडासाची : खाली बसता येत नाही, उठवायला कुणी लागतं, आणि त्याची लाज वाटते. कुणी 'चला' म्हटलं की त्या म्हणायच्या, "मला काय करायचंय आता, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." आम्हालाही ते खरंच वाटायचं. गाडीत कमोड आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी स्वतः होऊन ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा : गाडी घ्यावी की नाही हे ठरवताना एकच विचारा. एरवी जिला येता आलं नसतं, अशी घरातली कोण यामुळे येऊ शकेल? सासू असेल, आई असेल, बाळंतपणातून नुकती उठलेली नणंद असेल. अशी कुणी असेल तर पैसे सार्थकी लागले. नसेल, तर साध्या मोटारीनं जाऊन चांगल्या निवासात उतरणं स्वस्त पडेल.

गाडी परवडत नसेल तर हीच सोय वेगळ्या रीतीनं होते. औषधांच्या मोठ्या दुकानांतून घडीची कमोड-खुर्ची मिळते. ती, एक लहान तंबू किंवा दोन जुनी लुगडी आणि चार काठ्या मोटारीत टाकल्या की काम भागतं.

पाण्याचा हिशेब

यात आपल्या शहरातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. आठ-आठ दिवसांनी नळ येण्याची वर्षं आपण काढली आहेत. पिंप, टाकी, कळशी, तांब्या, कुठलं पाणी कशाला, हे आपल्या हातांना पाठ असतं. तरी मी शाळेत गणित शिकवत असल्यामुळे मुलीला वही घेऊन बसवलं. आमच्या गाडीची टाकी १२० लिटरची होती. संडासात दर वेळी एक लिटर, पाच माणसं, दिवसाला सहा-सहा वेळा, म्हणजे ३० लिटर. हातपाय-तोंड धुवायला माणशी ३, म्हणजे १५. भांड्यांना आणखी १५. एकूण दिवसाला ६०. दोन दिवसांत टाकी बरोबर रिकामी, अंघोळीला थेंब नाही! म्हणून अंघोळी आम्ही मळ्यातल्या मोटारीवर केल्या आणि पिण्याला २० लिटरचे दोन जार वेगळे घेतले.

तुमच्या गाडीची टाकी किती लिटरची आहे हे आधी विचारा आणि असाच हिशेब करा. भांडी धुण्याआधी कागदानं किंवा केळीच्या पानानं पुसून घेतली तर निम्मं पाणी वाचतं. ताटांऐवजी पत्रावळी घ्या, वापरून झाल्या की मळ्यातल्या उकिरड्यावर खत होतं.

जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं, हे मात्र सगळे विसरतात. मैल्याची टाकी वेगळी असते. ती नदीत, नाल्यात, झाडीत कुठंही रिकामी करायची नाही. खालच्या अंगाला कुणीतरी तेच पाणी पीत असतं, निदान गुरं तरी पितात. ती कुठं रिकामी होणार, हे गाडीवाल्याला स्पष्ट विचारा. "बघू, वाटेत कुठंतरी" असं उत्तर आलं तर ती गाडी घेऊ नका. साबणाचं पाणीसुद्धा नदीपासून लांब, मोकळ्या मातीत सोडावं.

नदीकाठ, पण किती काठ?

पाटणादेवी आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. वेरूळ, कन्नड करत घाट उतरायचा की जळगाव जिल्हा लागतो. हा सगळा डोंगर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं, विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर. डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ, समोरून डोंगरी नदी, तीन बाजूंनी कडे. नोव्हेंबरात पाऊस सरलेला असतो, नदीला निवळ पाणी असतं, सकाळी अंगावर शाल लागते. इतकी शांतता, की मुलगा म्हणाला, "आई, कानात काहीतरी वाजतंय." म्हटलं, "काही वाजत नाहीये, म्हणून वाजतंय."

पण मैत्रिणींनो, हीच नदी पावसाळ्यात काय करते तेही ऐका. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस या डोंगरावर एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि डोंगरी व तितूर या नद्यांचं पाणी चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत शिरलं. गुरंढोरं वाहून गेली, संसार चिखलात गेले. डोंगरी नद्यांचं असंच असतं. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी वर कड्यावर पाऊस पडला की घटकेत पाणी चढतं. म्हणून पावसाळ्यात नदीकाठी मुक्काम नकोच. इतर दिवसांतही गाडी नदीच्या पात्रात किंवा वाळवंटात उभी करू नये. झाडांच्या बुंध्यांवर, काटेरी झुडपांवर मागच्या पुराचा कचरा अडकलेला दिसतो. त्या खुणेच्या चांगलं वरच्या अंगाला जागा निवडावी. गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, पाणी कुठवर येतं ते ती बोटानं दाखवते.

दुसरी गोष्ट परवानगीची. अभयारण्यात मनाला येईल तिथं गाडी लावून रात्र काढता येत नाही. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करावी लागते, मुक्कामाला परवानगी लागते, आणि जाळ करायला बंदी असते. वाळक्या गवतात एक ठिणगी पडली तरी डोंगर पेटतो. आम्ही दिवसभर देवळापाशी राहिलो आणि रात्रीचा मुक्काम अभयारण्याबाहेर, सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या एका मळ्यात, ओढ्याच्या उंच काठावर केला. ओळखीचा मळा, हाकेच्या अंतरावर वस्ती, विहिरीचं पाणी. ड्रायव्हरदादा तिथल्या ओसरीवर झोपले. एकांत हवा म्हणून अगदीच निर्मनुष्य जागी गाडी लावू नये. माणसाच्या हाकेत राहूनही शांतता मिळते.

तिसरी गोष्ट घाटाची. कन्नड घाटातून २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी झाली. गाडी ठरवतानाच तिचा आकार आणि वजन सांगून घाटातून जाता येईल का याची चौकशी करा, नाहीतर शिऊर बंगला, नांदगावकडून वळसा पडतो.

जंगलात बिबट्या आहे. २०२१ साली तर विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत गौताळ्यात येऊन पोचला होता. भिऊन घरी बसायला नको, पण अंधार पडल्यावर मुलांना एकटं गाडीबाहेर जाऊ देऊ नये. उष्टं-खरकटं बाहेर ठेवू नये, वानरं आणि रानडुकरं त्याच्या वासानं येतात. चपला-बूट गाडीत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. खाली पाय टाकण्याआधी बॅटरीचा झोत टाकावा. चुकून साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं असलं काही न करता माणसाला स्थिर ठेवून थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. सापाच्या विषावरची लस तिथं मिळते. निघण्यापूर्वी ते रुग्णालय कुठं आहे हे पाहून ठेवावं.

लीलावतीच्या गावात

पाटण हे नुसतं देवीचं ठिकाण नव्हे. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून १२०७ साली इथं मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख देवळात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गणिताच्या भागाचं नाव 'लीलावती'. ही लीलावती त्यांची मुलगी, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. ते काही असो, आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वी गणिताचा ग्रंथ एका बाईच्या नावानं ओळखला गेला आणि त्यातले प्रश्न तिला उद्देशून विचारलेले आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना त्यांच्या आयांनी "गणित आपल्याला कुठं येतं" असं सांगून ठेवलेलं असतं. आमची लेक तिथं पायरीवर बसून डायरीत लिहीत होती. काय लिहितेस म्हटलं, तर म्हणे, टाकीतलं उरलेलं पाणी. मला फार बरं वाटलं.

ओटा कुणाचा?

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडं येते. मी निघण्याच्या चार दिवस आधी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांना बसवून सांगितलं, "गाडीत पाच जण राहणार, तर कामंही पाच जणांची." आणि कागदावर तक्ता लिहिला. सकाळचा चहा आणि दोन्ही वेळची भांडी ह्यांच्याकडे. अंथरुणं घालणं-काढणं आणि पाण्याचा हिशेब मुलीकडे. केर, कचऱ्याची पिशवी आणि पिण्याचं पाणी भरणं मुलाकडे. सासूबाईंकडे लसूण सोलणं, भाजी निवडणं. माझ्याकडे दिवसातून एक गरम पदार्थ, बस्स. बाकी शिदोरी घरून. तक्ता गाडीतल्या कपाटाच्या दाराला चिकटवला.

घरी पुरुषानं भांडी घासली तर ते मोरीत, आडोशाला होतं. गाडी मात्र एवढीशी. मुलगा भांडी घासतो आहे आणि आई तीन हातांवर बसून पाहते आहे! पहिल्या दिवशी सासूबाईंना ते पाहवेना. "आण रे इकडं, मी घासते," असं दोनदा म्हणाल्या. हे म्हणाले, "आई, तुझं नाव लसणाच्या रकान्यात आहे." मग त्या खिडकीतून ओढ्याकडं बघत बसल्या. मीही गप्प राहिले, मध्ये बोलले नाही आणि मदतीलाही उठले नाही. हे न उठणं फार अवघड असतं, मैत्रिणींनो. हात आपोआप पुढं जातात. पण त्या वेळी उठलं की तक्ता फाटलाच समजा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच सासूबाई आपल्या खानदेशी बोलीत लेकाला म्हणाल्या, "कढईनं बूड अजून चिकट शे!" मला हसू आवरेना. काम लेकाचं आहे हे त्यांनी मान्य केलं होतं, आता फक्त ते नीट व्हायला हवं होतं.

त्या रात्री मळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलं, तेही पुरुषमंडळींनी. सासूबाई खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या. मी ओढ्याच्या काठावर तासभर नुसती बसले. बारा-तेरा वर्षांच्या संसारात, संध्याकाळी सात ते आठ या वेळात नुसतं बसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

घरी आल्यावर काय झालं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर सगळा तक्ता टिकला नाही. शाळा, ऑफिस, डबे यांच्या गडबडीत बरंचसं पुन्हा माझ्याकडं आलं. रविवारची भांडी मात्र ह्यांच्याकडं राहिली आहेत आणि अंथरुणं मुलांकडं. थोडं आहे, पण आहे.

दोन धोक्याच्या सूचना

गाडीत गॅसची शेगडी असते. गाडी चालू असताना स्वयंपाक करू नये. शेगडी पेटवताना खिडकी उघडी हवी आणि झोपताना टाकीचा खटका बंद हवा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत नेऊ नये. त्याहून मोठा धोका जनरेटरचा. २०२४ च्या डिसेंबरात केरळातल्या वडकरा इथं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. म्हणून थंडगार हवेसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, खिडक्या लावून झोपायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडं त्याची गरजही पडत नाही. जाळीची खिडकी उघडी ठेवा, झकास वारा येतो.

पैशांचं बोलणं आधीच आणि लेखी करावं : भाड्यात डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि साफसफाई धरली आहे का? दिवसाला किती किलोमीटर? अनामत रक्कम परत कधी? एका गाडीवाल्यानं आम्हाला फोनवर एक आकडा सांगितला आणि कागदावर भलताच लिहिला, तेव्हा ती गाडी सोडून आम्ही दुसरी घेतली.

शिदोरी

दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात. त्याबरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, मेतकूट, मुरमुऱ्याचा चिवडा आणि बेसनाचे लाडू. गरम पदार्थाला आपली मराठवाड्याची येसर आमटी यासारखं दुसरं काही नाही. घरीच ज्वारी किंवा बाजरी एक वाटी आणि हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी खमंग भाजावी. धणे, जिरे, सुकं खोबरं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, दगडफूल, सुंठ आणि लाल मिरच्या वेगळ्या भाजून सगळं एकत्र दळून डब्यात भरावं. गाडीत फक्त लसणाची फोडणी द्यायची, पाणी ओतायचं, तीन-चार चमचे येसर थंड पाण्यात कालवून सोडायचं, मीठ घालून उकळायचं. दहा मिनिटांत आमटी तयार. त्यात दशमी कुस्करली की थंडीच्या रात्री आणखी काही लागत नाही. आणि घासायला एकच पातेलं पडतं, तेही तक्त्यात ज्याचं नाव आहे त्याला!

तेव्हा सिडकोतल्या भगिनींनो, जरूर जा. ओट्याला भिऊ नका. ओटा गाडीत आहे म्हणून तो तुमचा होत नाही, निघण्याआधी तो वाटून घेतला नाही तर तुमचा होतो. कागद, पेन आणि चिकटपट्टी सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा. जाऊन आलात की तुमचा तक्ता किती टिकला ते मला कळवा, चांगली पत्रं याच पानावर छापू.

पुढच्या आठवड्यात : थंडीतल्या लोकरी कपड्यांची निगा, आणि वार्षिक परीक्षेआधी मुलांच्या अभ्यासाचं वेळापत्रक.